श्रेय देवाचं, दोष माणसाचा

आपल्याकडे अपघातातून कुणी वाचलं की ‘देव तारी त्याला कोण मारी’ म्हणतात. तोच माणूस दगावला की देवाचं नाव कुणी काढत नाही, प्रारब्धाचं काढतात. ही वाटणी झेलँडला राहायला येईपर्यंत मला कधी खटकली नव्हती.

झेलँड म्हणजे नेदरलँड्सचा नैर्ऋत्य कोपरा. ३१ जानेवारी १९५३च्या रात्री वादळाने समुद्राचे बांध फोडले आणि देशात १,८३६ माणसं गेली. माझ्या शेजारच्या आजी तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. त्यांचा नऊ महिन्यांचा भाऊ त्या रात्री बुडाला. आजी कट्टर कॅल्विनपंथी, म्हणजे सोळाव्या शतकातला ख्रिस्ती धर्मसुधारक कॅल्विन याच्या पंथाच्या. पाणी कुणी आणलं, विचारलं तर लगेच म्हणतात, ‘देवाने.’ लहानपणी घोकलेल्या, पंथाची शिकवण देणाऱ्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत (१५६३) तसंच आहे: पाऊस नि दुष्काळ, आरोग्य नि आजार, काहीच योगायोगाने येत नाही, सगळं देवपित्याच्या हातून येतं.

‘देवाने नुसतं होऊ दिलं’ ही पळवाटही कॅल्विनने बंद केली. बायबलमधल्या सोशिक ईयोबाचे उंट खास्दी लोकांनी पळवले, त्यात लुटारू, सैतान आणि देव असे तिघे होते. कृत्य एकच, हेतू तीन. म्हणून पाप लुटारूंचं. उन्हाने प्रेत कुजतं, पण दुर्गंधी प्रेताची, उन्हाची नव्हे, हा त्याचा दृष्टान्त. मला तो पचत नाही. प्रेत उन्हात ठेवलं कुणी?

आपल्याकडे ब्रह्मसूत्रांनी हा प्रश्न कॅल्विनच्या कितीतरी आधी सोडवलाय: ‘वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्’. देव पक्षपाती नाही, निर्दयही नाही, कारण तो ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे देतो. तर्क चोख आहे. मी तो आजींना मोठ्या ऐटीत ऐकवला. त्यांनी विचारलं, ‘मग आमच्या बाळाने काय केलं होतं?’

‘मागच्या जन्मी’ म्हणता म्हणता माझी जीभ अडखळली. मामेभावाचं मूल गेलं तेव्हा वहिनीला हेच ऐकवलं गेलं होतं, तेही सांत्वन म्हणून. आपण देवाला सोडवतो आणि बिल आईच्या हातात ठेवतो. कॅल्विनचा देव भयंकर असेल, पण निदान तो बाळाकडे बोट दाखवत नाही. (पुराला देवाची शिक्षा म्हणणारे इथेही होते, पण ती सगळ्यांना मिळून.)

सुट्टीत घरी गेलो की वाद देव आहे की नाही एवढाच. मामा नास्तिक, बाकी सगळे आस्तिक. चहा संपला की वादही संपतो. आस्तिकाने देवाला जाब विचारावा हे कुणाच्या मनात येत नाही. तुकोबा विठ्ठलाशी भांडले, ते आपण गाण्यापुरतं ठेवलं. इथे आस्तिकच आस्तिकांशी भांडले. कोण विश्वास ठेवील हे आधी जाणून देव तारणासाठी माणसांची निवड करतो, असं लायडनचे धर्मशास्त्राचे प्राध्यापक आर्मिनियस म्हणत. १६१८-१९ला डॉर्ड्रेख्त गावी भरलेल्या कॅल्विनपंथी धर्मसभेने ते फेटाळलं: निवड आधी, विश्वास नंतर. आर्मिनियसपंथीयांचा पाठीराखा, डच मुत्सद्दी ओल्डेनबार्नेव्हेल्ट याचा १३ मे १६१९ला हेगमध्ये शिरच्छेद झाला. त्यात राजकारणही पुष्कळ होतं. आजारही देवाच्याच हातून येतो, या श्रद्धेपायी काही कुटुंबं आजही लस घेत नाहीत. १९९२-९३च्या पोलिओ साथीत ७१ रुग्ण निघाले, बहुतेक अशाच घरांतले. तेव्हा हे सगळं आयात करा, असं मी म्हणणार नाही.

शिवाय ‘नाकारलेले’ आहेतच. काहींचा नाश आधीच ठरलेला आहे, या निर्णयाला कॅल्विनने स्वतःच भयंकर म्हटलंय. माझी वाट तिथे संपते. आजींची संपत नाही. श्रद्धावंत आईबापांनी तान्ह्या वयात गेलेल्या लेकरांच्या निवडीबद्दल शंका धरू नये, असं डॉर्ड्रेख्तच्या ठरावांत एक कलम आहे. त्यामुळे भावाबद्दल त्या निश्चिंत आहेत. स्वतःबद्दल नाहीत. त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकरी आणि द्राक्षारस घ्यायला, मोजकेच लोक उठतात, ज्यांना आपण निवडलेले आहोत अशी खात्री वाटते ते. आजी ऐंशी ओलांडूनही अजून एकदाही उठलेल्या नाहीत.