फाटकाच्या आत आणि फाटकाच्या बाहेर : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

युरोप आणि अमेरिकेतील वृद्ध विधवांच्या व एकट्या स्त्रियांच्या धर्मादाय निवासांविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा आहे की, ही घरे श्रीमंतांनी पुण्यासाठी आणि नावासाठी बांधली. आत राहणाऱ्या स्त्रीला दात्यासाठी प्रार्थना करावी लागे, चारित्र्याचा दाखला द्यावा लागे, रात्री फाटक बंद होण्याआधी परतावे लागे. आणि अशा पिंजऱ्याला मी ‘आधार’ म्हटले. ‘दान घेणाऱ्याला मान उरत नाही’ असे आपण लिहिले आहे. बेगिन स्त्रियांवरचा, म्हणजे मध्ययुगापासून आजन्म व्रत न घेता एकत्र वसाहती करून राहणाऱ्या विधवा व अविवाहित स्त्रियांवरचा, परिच्छेद धर्मपंथाच्या इतिहासात मोडतो, म्हणून तो वगळावा, अशीही आपली सूचना आहे.

आपण सांगितलेली बंधने खरी आहेत आणि मूळ लेखातही ती आली आहेत. परंतु त्यांवरून आपण काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. या घरांनी केलेला सर्वांत मोठा अन्याय आत राहणाऱ्या स्त्रीवर झाला नाही. तो फाटकावरून परत पाठवलेल्या स्त्रीवर झाला, आणि आपल्या टीकेत तिला जागाच नाही.

आधी या स्त्रिया कोण होत्या ते पाहू. इंग्लंडच्या परंपरागत कायद्यानुसार विवाहित स्त्रीची जंगम मालमत्ता आणि तिची कमाई पतीची होत असे; 1870 आणि 1882 च्या कायद्यांनी ही स्थिती बदलेपर्यंत शतकानुशतके हेच चालले. पतीच्या मृत्यूनंतर त्याच्या जमिनीच्या एक तृतीयांश भागाचे उत्पन्न विधवेला हयातीपुरते मिळावे असा संकेत होता, पण ज्याच्याकडे जमीनच नव्हती त्याच्या विधवेला त्याचा काय उपयोग? वायव्य युरोपात लग्ने उशिरा होत, दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक स्त्रिया आयुष्यभर अविवाहित राहत, आणि लग्न झालेला मुलगा बहुधा वेगळे घर थाटत असे. विधुर पुरुषाचे पुन्हा लग्न होण्याची शक्यता विधवेपेक्षा जास्त होती. शिवण, सूतकताई, धुणे ही एकट्या स्त्रीची कामे होती; त्यांत मजुरी तुटपुंजी, आणि नजर अधू झाली किंवा सांधे धरले की तीही बंद. वृद्धाश्रमांच्या इतिहासात स्त्रियांच्या घरांना स्वतंत्र स्थान का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर यात आहे. गरिबी म्हाताऱ्या पुरुषालाही होती, पण स्त्रीच्या बाबतीत कायदा, मजुरी आणि कुटुंबरचना या तिन्ही गोष्टी मिळून तिला त्या टोकाला नेत होत्या.

लंडनजवळचे ब्रॉम्ली कॉलेज हे याचे फार बोलके उदाहरण आहे. रॉचेस्टरचे बिशप जॉन वॉर्नर यांच्या 1666 च्या मृत्युपत्रातून ते उभे राहिले आणि ते धर्मोपदेशकांच्या 20 विधवांच्या निवासासाठी होते. धर्मोपदेशकांच्याच विधवा का, हे समजून घ्यायला हवे. प्रोटेस्टंट धर्मसुधारणेपूर्वी पाद्र्यांना लग्नाची परवानगी नव्हती, त्यामुळे पाद्र्याची विधवा असा वर्गच नव्हता. सोळाव्या शतकात परवानगी मिळाली आणि हा वर्ग निर्माण झाला. पाद्र्याचे घर त्याच्या पदाबरोबर येई; तो गेला की ते घर पुढच्या पाद्र्याचे, आणि शिकलेल्या, प्रतिष्ठित घरातल्या त्याच्या पत्नीने मुलांना घेऊन बाहेर पडायचे. म्हणजे ज्या संस्थेने विवाहाला मान्यता दिली तिने विधवेच्या निवाऱ्याचा विचारच केला नव्हता, आणि ती उणीव एका बिशपच्या खासगी मृत्युपत्राला भरून काढावी लागली. कथा येथे संपत नाही. या विधवांबरोबर त्यांच्या अविवाहित मुली राहत आणि आईची सेवा करत. आई गेली की मुलीचा तेथे राहण्याचा हक्क संपे, कारण ती कोणाचीही विधवा नव्हती. आईच्या सेवेत उमेद संपलेल्या या मुलींसाठी 1840 मध्ये त्याच आवारात शेपर्ड कॉलेज नावाची पाच घरे बांधली गेली. मूळ घर उभे राहिल्यानंतर ही गोष्ट कोणाच्या तरी ध्यानात येऊन तिच्यावर उपाय व्हायला दीडशेहून अधिक वर्षे लागली, याचे मला आजही वाईट वाटते.

आता प्रार्थनेकडे येऊ. आपण तिला अपमान मानता; मी तसे मानत नाही. मध्ययुगीन कॅथलिक श्रद्धेनुसार मृताच्या आत्म्याला शुद्धीची यातना भोगावी लागे आणि जिवंतांच्या, विशेषतः गरिबांच्या, प्रार्थनेने ती कमी होई. त्या श्रद्धेच्या चौकटीत घर बांधणारा व्यापारी आणि त्यात राहणारी म्हातारी यांच्यात देवाणघेवाण होती: त्याने छप्पर दिले, तिने त्याच्या आत्म्यासाठी असे काही दिले जे पैशाने विकत मिळत नव्हते. जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे व्यापारी याकोब फुगर यांनी 1521 मध्ये स्थापलेली फुगराय ही वसाहत केवळ स्त्रियांची नव्हती, पण तिचा करार हाच होता, आणि वर्षाला नाममात्र भाडे व रोज तीन प्रार्थना ही अट तेथे आजही आहे. आपल्याला त्या श्रद्धेत काही तथ्य वाटत नसेल, तरी तिच्यावर विश्वास असलेली स्त्री स्वतःला फुकट खाणारी समजत नव्हती, एवढे तरी मान्य करावे लागेल. प्रोटेस्टंट प्रदेशांत ही श्रद्धा मोडीत निघाली, प्रार्थनेचे मोल गेले, आणि राहणाऱ्या स्त्रीकडे परतफेड म्हणून फक्त कृतज्ञता उरली. मान कमी झाला असेल तर तो येथे कमी झाला.

डच शहरांतील हॉफ्यांविषयीही, म्हणजे तेथील धर्मादाय घरांच्या वसाहतींविषयीही, असेच म्हणता येईल. हार्लेममधील बाकेनेस हॉफ्ये 1395 पासूनचे आहे. मध्ये अंगण, भोवती लहान लहान घरे, आणि प्रत्येक घराला स्वतःचे दार, अशी यांची रचना असते. फाटक रात्री बंद होई हे खरे. मात्र त्या फाटकाच्या आत प्रत्येक स्त्रीची स्वतःची चूल होती. भाड्याच्या खोलीच्या कोपऱ्यात किंवा नातेवाइकांच्या स्वयंपाकघरात अंथरूण पसरून दिवस काढलेल्या स्त्रीला तो फरक फार मोठा होता. अनेक ठिकाणी तिच्या मृत्यूनंतर तिचे सामान संस्थेकडे जाई, ही अट मात्र मला टोचते, कारण त्यामुळे भाचीसाठी एखादी पेटी ठेवण्याचे स्वातंत्र्यही तिला उरत नसे.

‘मरणाची सोय’ म्हणून आपण दफनाच्या ज्या तरतुदीचा उल्लेख केला आहे, तिच्याविषयी थोडे. इंग्लंडमध्ये 1832 च्या शरीरशास्त्रविषयक कायद्याने कोणी दावा न केलेली दरिद्रीगृहातील प्रेते वैद्यकीय विच्छेदनासाठी देण्याची मुभा दिली. दोन वर्षांनी, 1834 मध्ये, गरिबांच्या सरकारी मदतीविषयीचा ‘गरीब कायदा’ कडक झाला आणि दरिद्रीगृहात पती-पत्नींनाही वेगळे ठेवले जाऊ लागले. एकट्या वृद्धेच्या प्रेतावर दावा कोण करणार होते? धर्मादाय घरात रीतसर दफनाची हमी मिळे, ही गोष्ट त्या काळातील स्त्रीला जेवणाइतकी महत्त्वाची वाटली असेल तर त्यात नवल नाही.

आता फाटकाविषयी. 1814 मध्ये न्यूयॉर्कमध्ये वृद्ध, निर्धन, परंतु ‘प्रतिष्ठित’ स्त्रियांच्या साहाय्यासाठी एक संस्था स्थापन झाली. 1817 मध्ये फिलाडेल्फियात निर्धन विधवा आणि एकट्या स्त्रियांसाठीची संस्था आली. दोन्ही स्त्रियांनी चालवल्या. ही गोष्ट लहान नाही: विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने व्यवहार करता येत नसल्यामुळे त्या काळातील काही महिला-संस्थांनी खजिनदार अविवाहितच असावी असा नियम केला होता, म्हणजे पतीचा किंवा त्याच्या सावकारांचा त्या पैशावर हक्क पोचू नये. इतक्या विचाराने कारभार करणाऱ्या या बायकांनी आपल्यासारख्याच वर्गातल्या, पण दिवस फिरलेल्या स्त्रियांना सार्वजनिक दरिद्रीगृहात जावे लागू नये म्हणून घरे काढली. त्यांची कळकळ खरी होती. परंतु ‘प्रतिष्ठित’ हा शब्द संस्थेच्या नावात घातला की दाराशी आलेल्या प्रत्येक स्त्रीची पारख करणे भाग पडते. शिफारसपत्रे आणि चौकशी आली, आणि एकोणिसाव्या शतकात अशा बहुतेक घरांत एकरकमी प्रवेशशुल्क आले. ते भरले की मरेपर्यंत सांभाळ, असा करार होई. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांची भांडी घासली, जिला कोणी मान्यवर ओळखत नव्हता, जिचे मूल लग्नाबाहेरचे होते, तिला ही पायरी चढता येत नव्हती.

आणि कृष्णवर्णीय स्त्रीला तर मुळीच नाही. फिलाडेल्फियात 1864 मध्ये वृद्ध व अपंग कृष्णवर्णीयांसाठी वेगळे घर निघाले, त्याला पुढे स्टीफन स्मिथ यांचे नाव मिळाले. स्मिथ स्वतः गुलामगिरीत जन्मले होते आणि लाकडाच्या व्यापारात श्रीमंत झाले होते. फाटक बंद नसते तर त्या शहरात हे वेगळे घर काढावे लागले नसते.

आतल्या स्त्रीची बंधने आपल्याला दिसतात, कारण ती नियमांच्या वहीत लिहिलेली आहेत. परत पाठवलेल्या स्त्रीचे नाव क्वचितच कोणत्या वहीत सापडते, त्यामुळे इतिहासावर टीका करणाराही तिला विसरतो. हॅरिएट टबमन यांना मात्र तिचा विसर पडला नाही. शेकडो मैल चालून गुलामांना मुक्त करणाऱ्या या स्त्रीने न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न येथे वृद्ध आणि निर्धन कृष्णवर्णीयांसाठी घर काढण्याचे स्वप्न अनेक वर्षे बाळगले. स्वतःच्याने ते निभेना, म्हणून 1903 मध्ये त्यांनी ती जागा एका चर्चला दिली. चर्चने प्रवेशासाठी 100 डॉलर भरण्याचा नियम केला. टबमन यांना याचा संताप आला. ज्याच्याकडे मुळीच पैसे नाहीत त्यालाच प्रवेश मिळावा, असा नियम आपल्याला हवा होता, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. घर 1908 मध्ये उघडले, 1911 मध्ये त्या स्वतः तेथे राहायला गेल्या आणि 1913 मध्ये तेथेच वारल्या. धर्मादाय घरांवरची इतकी नेमकी टीका मी दुसरीकडे वाचलेली नाही, आणि ती अशी घरे मोडावीत म्हणून केलेली नव्हती, त्यांचे दार उघडावे म्हणून केली होती.

दार उघडे ठेवणारे कोणीच नव्हते असेही नाही. फ्रान्समधील सेंट सर्व्हान येथे 1839 च्या हिवाळ्यात झान झुगां या अविवाहित मोलकरणीने एका आंधळ्या, अर्धांगाने आजारी म्हातारीला आपल्या घरी आणले आणि स्वतःची खाट दिली. त्यातून ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ हा संघ उभा राहिला. तिने दाखला मागितला नाही, शुल्क घेतले नाही, आणि खर्चासाठी टोपली घेऊन दारोदार भीक मागितली. ती स्वतः सत्तेचाळीस वर्षांची, मालमत्ता नसलेली, एकटी स्त्री होती. ‘दान घेणाऱ्याला मान उरत नाही’ हे वाक्य तिच्या घराला लावून पाहावे, अशी आपल्याला विनंती आहे. तेथे देणारी आणि घेणारी यांच्यात अंतर जवळजवळ नव्हतेच.

आपण प्रतिक्रियेच्या शेवटी म्हटले आहे की, सरकारी निवृत्तिवेतन आल्यावर हा सगळा दयेचा कारभार संपला. ब्रिटनमध्ये 1908 च्या कायद्याने सत्तर वर्षांवरील गरिबांना आठवड्याला कमाल 5 शिलिंग मिळू लागले, लाभ घेणाऱ्यांत स्त्रिया अधिक होत्या, आणि पोस्टातून हक्काने मिळणाऱ्या त्या पैशाने अनेकींना आपल्याच खोलीत राहता आले. ती मोठी गोष्ट होती. पण त्या कायद्यातही आरंभी, नुकतीच गरीब कायद्याखाली मदत घेतलेल्यांना वगळले होते आणि सवयीने काम टाळणाऱ्यांना अपात्र ठरवले होते. लायक आणि नालायक गरीब ही विभागणी धर्मादाय घराच्या फाटकावरून उठून सरकारी अर्जात आली. म्हणून दान वाईट आणि राज्य चांगले, असा सरळ निवाडा मला देता येत नाही. पारख कोण करतो आणि तिच्यात कोण गळते, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच विचारावा लागतो.

राहिला बेगिन स्त्रियांचा परिच्छेद. तेराव्या शतकापासून फ्लँडर्स (मुख्यतः आजच्या बेल्जियममधील प्रदेश) आणि आसपासच्या भागात विधवा व अविवाहित स्त्रिया एकत्र वसाहती करून राहू लागल्या. ब्रूज येथील वसाहत 1245 ची आहे. त्या मठातल्या जोगिणी (नन) नव्हत्या: आजन्म व्रत घेत नसत, स्वतःची मालमत्ता राखू शकत, कातणे-विणणे, रुग्णसेवा, शिकवणे यांवर पोट भरत, आणि वाटले तर वसाहत सोडून लग्न करू शकत. धर्माधिकाऱ्यांना हे खुपले; 1310 मध्ये मार्गरीत पोरेत या बेगिन स्त्रीला पॅरिसमध्ये जाळण्यात आले आणि त्यानंतर लगेचच फ्रान्समधील व्हिएन येथील धर्मपरिषदेने बेगिनांच्या जीवनपद्धतीचा निषेध केला. तरीही फ्लँडर्समधील वसाहती टिकल्या, आणि शेवटची बेगिन 2013 मध्ये वारली. या स्त्रियांनी कोणा एका दात्याची वाट न पाहता श्रमावर आणि सामायिक नियमांवर आपले घर उभे केले, वृद्ध झालेल्या सोबतिणींना त्याच घरात सांभाळले, आणि हे सर्व दानावर चालणाऱ्या बहुतेक घरांच्या आधी केले. त्यांना धर्मपंथाच्या खात्यात टाकले, तर एकट्या स्त्रीपुढे दात्याची दया किंवा नातेवाइकांचे उंबरे एवढेच पर्याय होते, असा समज पक्का होईल. आपली सूचना मी विचारपूर्वक वाचली. तो परिच्छेद लेखात राहील, आणि फाटकावरून परतलेल्या स्त्रियांविषयीचा भाग मी त्यात वाढवणार आहे.