मिशिगनचं ९९ टक्क्यांचं प्रकरण नेमकं काय होतं

एक फॉरवर्ड फिरतोय की २०१६ ला अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत (राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायच्या पक्षांतर्गत मतदानात) हिलरी क्लिंटनला ९९ टक्के मतं मिळणार असं पोलवाल्यांनी सांगितलेलं आणि बर्नी सँडर्सने एकतर्फी धुतलं, म्हणजे पोल विकले गेलेले. असं काही नाहीये. ९९ टक्के ही फाइव्हथर्टीएट या निवडणूक अंदाज देणाऱ्या वेबसाइटने दिलेली जिंकायची शक्यता होती, मतं नव्हेत. पोलमध्ये हिलरी साधारण २० पॉइंटने पुढे होती हे खरं, आणि चूक मोठीच झाली, पण बर्नी जिंकला तो जेमतेम दीड टक्क्याने.

चुकलं का, तर २००८ ला मिशिगनने नियम मोडून प्रायमरी लवकर घेतली, पक्षाने शिक्षा केली, ओबामाने बॅलटवरून नावच काढून घेतलं, मग मागच्या वेळी कोण मतदानाला आलं यावरून अंदाज बांधणार तरी कसा? त्यात तिथे पार्टी रजिस्ट्रेशन, म्हणजे मतदाराने आपला पक्ष नोंदवणं, नसतं, त्यामुळे अपक्ष मतदारही येतात, आणि तरुण पोरं धरली होती त्यापेक्षा जास्त आली.

बरं, डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी) मतांच्या प्रमाणात वाटतात, त्यामुळे बर्नीला ६७ आणि हिलरीला ६३. त्याच दिवशी मिसिसिपी राज्यात ती इतक्या मोठ्या फरकाने जिंकली की दिवसाच्या हिशोबात डेलिगेट तिचेच जास्त झाले, हे मात्र फॉरवर्डमध्ये कोणी लिहीत नाही.