सेव्ह करतानाच गेली

"सेव्ह नव्हतं का केलंस गं?" आईने विचारलं, बाबांनी विचारलं, वरच्या काकूंनी जिन्यातून विचारलं, दूधवाल्यानेही विचारलं असतं पण त्याचा महिना द्यायचा राहिला होता म्हणून तो दुसऱ्याच विषयावर बोलला. अहो केलं होतं म्हणजे काय, करतच होते! कॉम्प्युटरवर काढत असलेल्या चित्राला कंट्रोल एस दाबलं, खाली ती पट्टी सरकायला लागली आणि नेमकी तेव्हा लाईट गेली. मी आळशीपणा करून सेव्ह न करता तशीच चहाला उठले असते तर जुनी फाईल तरी धडधाकट राहिली असती. हे मी सगळ्यांना नीट समजावून सांगितलं आणि सगळं ऐकून घेऊन सगळे म्हणाले, बरोबर आहे, पण मधेमधे सेव्ह करत जावं.

इन्व्हर्टर आहे आमच्याकडे, तेही सांगून टाकते, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. लाईट जाऊन इन्व्हर्टर सुरू व्हायला जो इवलासा वेळ लागतो तो पंख्याला कळतही नाही, ट्यूब नुसती डोळा मारते, पण कॉम्प्युटरचा जीव जायला तेवढा पुरतो. इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं बटण असतं, त्यावर ठेवलं की हा वेळ कमी होतो. पण बसवायला आलेला वायरमन म्हणाला, "नॉर्मलवरच ठिवा ताई, बॅटरी टिकती." बॅटरी टिकलीय. बॅटरीबद्दल माझी काहीएक तक्रार नाही.

तर चित्र होतं दिवाळी अंकाचं कव्हर. नऊवारीतली बाई, पुढे रांगोळी, वर आकाशकंदील, हातात पणती, म्हणजे दिवाळी अंकावर जे असतं तेच, पण संपादकांना "काहीतरी वेगळं" हवं होतं म्हणून बाईला चष्मा. ४२ लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले ४२ पारदर्शक कागदच. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, म्हणजे शंभरावर वर्षं कोणी ना कोणी हे कव्हर काढतंय, आणि तेव्हाच्या चित्रकाराच्या चित्रावर फार तर शाई सांडत असेल. शाई सांडलेलं चित्र निदान दिसतं तरी! माझं चित्र फोल्डरमध्ये ४०० एमबी जागा अडवून बसलं होतं आणि उघडायला गेलं की क्रिता (माझं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) म्हणायची, ही फाईल मला उघडता येत नाही.

मग भाचा आला. इंजिनिअरिंगला आहे, तेही कॉम्प्युटरलाच, त्यामुळे आईने त्याला परस्पर फोन करून पोहे टाकले होते. त्याने फाईलवर डबल क्लिक केलं, तशी एक खिडकी आली की ऑटोसेव्ह झालेली एक फाईल सापडली आहे, ती उघडू का, आणि मी "थांब थांब" म्हणेपर्यंत त्याने नको म्हणून टाकलं. म्हटलं, अरे वाच तरी. तर म्हणाला, "मावशी, असल्या खिडक्या वाचायच्या नसतात." मग थोडा वेळ खाटखुट करून ओरडला, "उघडली बघ!"

"अरे हे पांढरं आहे."

"हो, पण उघडली ना?"

त्याने त्याच नावाची कोरी फाईल बनवून जुनीवर सेव्ह केली होती. आता यातली खरी मेख ऐका. क्रिता दर वेळी सेव्ह करताना आधीच्या फाईलची एक प्रत बाजूला ठेवते, नावाच्या शेपटाला एक नागमोडी रेघ लावून, आणि आपण मुद्दाम सांगितलं नसेल तर अशी एकच प्रत ठेवते. त्या प्रतीत माझं लाईट जायच्या थोडं आधीचं अख्खं चित्र चष्म्यासकट सुखरूप बसलेलं होतं. भाच्याने सेव्ह केलं तशी क्रिताने इमानदारीत खराब फाईलची प्रत काढली आणि त्या चांगल्या प्रतीच्या डोक्यावर नेऊन ठेवली. सख्ख्या बहिणीचा मुलगा आहे म्हणून पोहे संपेपर्यंत गप्प बसले.

रात्री ती नागमोडी शेपटाची खराब प्रत घेऊन मी एकटीच बसले. क्रिताची फाईल, म्हणजे केआरए, आतून साधी झिप असते, अनेक फाईली दाबून बांधलेलं एक गाठोडं. नोटपॅडमध्ये उघडली तर सगळा कचरा, पण अगदी पहिली दोन अक्षरं स्पष्ट, पीके. झिप काढणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं ती, १९८९ पासून प्रत्येक झिपच्या कपाळावर आहेत. ती दिसल्यावर जरा धीर आला. झिपची भानगड अशी की अनुक्रमणिका शेवटच्या पानावर असते, आणि लाईट गेली ती त्या पानाच्या आधी. म्हणजे मजकूर बराचसा जागच्या जागी, पण शेवटचं पान नाही म्हणून प्रोग्राम म्हणतो पुस्तकच नाही. सुदैवाने प्रत्येक तुकड्याच्या आधीही त्याचं नाव लिहिलेलं असतं, त्यामुळे झिप दुरुस्त करायची एक कमांड असते ती सगळा ढिगारा उपसून नावं गोळा करते आणि नवी अनुक्रमणिका बांधते. (आधी फाईलची कॉपी करून घेतली आणि भाच्याला त्या खोलीत यायला बंदी.)

सगळ्यात आधी काय हाती लागलं तर प्रीव्ह्यूचं पिल्लू, २५६ पिक्सेलचं, पोस्टाच्या तिकिटाएवढं. संपादक दिवसभर "काहीतरी पाठवा मॅडम" करत होते म्हणून तेच पाठवलं. लगेच उत्तर, "अप्रतिम! हेच फायनल. फक्त जरा मोठं करून पाठवा."

पुढे मूळ चित्रही उघडलं, कुरकुरत, इशारे देत. लेयरची नावं ४२ च्या ४२ हजर, कारण ती यादी फाईलमध्ये आधीच लिहून झालेली असते. पण रांगोळी रिकामी, आकाशकंदील रिकामा, आणि बाईचा उजवा हातही रिकामा. पणती मात्र शाबूत, त्यामुळे ती हवेतच तरंगत होती आणि बाई चष्म्यातून तिच्याकडे प्रसन्न बघत होती. आई म्हणाली हे जास्त छान आहे, चमत्कार वाटतो. काकू म्हणाल्या, हात नसला तरी चालेल, पण रांगोळी हवी, दिवाळी आहे. मी हात काढला, कंदील काढला, रांगोळीचा ठिपका न् ठिपका परत घातला. भाच्याने एव्हाना बायोडेटात डेटा रिकव्हरीचा अनुभव लिहिलाय असं बहीण कौतुकाने सांगत होती.

चित्र पाठवलं आणि संपादकांचा फोन आला. "मॅडम, एक सोनार तयार झालेत, खाली त्यांची जाहिरातीची पट्टी येईल, म्हणजे तेवढी रांगोळी जाईल. आणि हातातल्या बांगड्या पट्टीच्या वर दिसल्या पाहिजेत असं त्यांचं म्हणणं आहे, तर हात जरा वर घेता येईल का?"

हात वेगळ्या लेयरवर होता, घेतला वर. आता ती बाई रिक्षा थांबवल्यासारखी दिसतेय, पण सोनार खूश आहेत.