अठ्ठावीस ग्रॅम मालातून छत्तीस ग्रॅम पाणी

राग शांत झाल्यावर लिहावे असे ठरवले होते, परंतु तो शांत होण्याचे नाव घेत नसल्यामुळे आहे तसाच लिहीत आहे. विषय अकरावीच्या रसायनशास्त्राच्या गृहपाठाचा आहे आणि त्यातही अगदी सुरुवातीच्या मोल संकल्पनेचा, म्हणजे अणुरेणू मोजण्याच्या एककाचा. मुंबईत सायन्सला प्रवेश मिळावा म्हणून घरोघरी काय आकाशपाताळ एक केले जाते ते आपण दर वर्षी पाहतो. मात्र प्रवेश पदरात पडला की त्याच सायन्समधले चार ओळींचे उदाहरण शेवटपर्यंत वाचण्याची तयारी कोणाचीच नसते. मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे हे आमच्या मुलुंडच्या सोसायटीत सर्वांना ठाऊक असल्याने रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर उदाहरणांचे फोटो येऊ लागतात. ते तिरके असतात, निम्मे अंधारात असतात, कोपऱ्यात कोणाचा तरी अंगठा आलेला असतो आणि खाली एवढेच लिहिलेले असते : "काकू, प्लीज फक्त आन्सर."

कुठे अडले, काय करून पाहिले, यातले काहीही नाही.

नुकतेच आलेले एक उदाहरण सांगते. ४ ग्रॅम हायड्रोजन आणि २४ ग्रॅम ऑक्सिजन यांची अभिक्रिया घडवली, तर जास्तीत जास्त किती ग्रॅम पाणी तयार होईल? या मुलाने निदान काहीतरी लिहिले होते, हे मान्य करते. हायड्रोजनचे ग्रॅम कमी, म्हणून तोच लिमिटिंग रिएजंट, म्हणजे आधी संपणारा पदार्थ, असे त्याने परस्पर ठरवले. ४ ला हायड्रोजनच्या एका मोलच्या वजनाने म्हणजे २ ने भागून २ मोल काढले, त्याला पाण्याच्या एका मोलच्या वजनाने म्हणजे १८ ने गुणले आणि ३६ या आकड्याभोवती ऐटीत चौकट आखली. एकाही पायरीला एकक नाही. ३६ काय, ग्रॅम, मोल की लिटर, हे वाचणाऱ्याने आपापल्या मनाने समजून घ्यायचे. भांड्यात एकूण माल घातला २८ ग्रॅम आणि बाहेर आले ३६ ग्रॅम पाणी, मग वरचे ८ ग्रॅम आकाशातून पडले काय, असे मी विचारले, तेव्हा तो माझ्याकडे असा पाहू लागला की जणू मी अभ्यासक्रमाबाहेरचे काही विचारत होते. अभिक्रियेत एकूण वजन बदलत नाही, हा द्रव्य अक्षय्यतेचा नियम ही मुले नववीतच शिकलेली असतात. तो नियम ज्याच्या नावाने ओळखला जातो त्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लॅव्हाझिएचे शिर १७९४ साली पॅरिसमध्ये उडवण्यात आले. त्याच्या नियमाचा शिरच्छेद मात्र आमच्याकडे रोज संध्याकाळी होतो.

वास्तविक उदाहरण अवघड नाही. समीकरण सांगते की हायड्रोजनच्या दोन मोलांना ऑक्सिजनचा एक मोल लागतो आणि त्यातून पाण्याचे दोन मोल होतात. हायड्रोजन आहे २ मोल आणि ऑक्सिजनच्या एका मोलचे वजन ३२ ग्रॅम, तेव्हा तो आहे २४ भागिले ३२, म्हणजे ०.७५ मोल. लागणार होता १ मोल, तेवढा नाही, म्हणून ग्रॅमने सहापट असूनही अपुरा पडतो तो ऑक्सिजनच. पाणी तयार होते १.५ मोल म्हणजे २७ ग्रॅम आणि १ ग्रॅम हायड्रोजन तसाच उरतो. २७ आणि १ मिळून २८, हिशेब चोख जुळला. मोल ही कल्पना मुळात याचसाठी आहे की अभिक्रियेत कणांची संख्या मोजायची असते, वजन नव्हे. एका मोलमध्ये ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण असतात, मग ते हायड्रोजनच्या रेणूंसारखे हलके असोत किंवा शिशाच्या अणूंसारखे जड. हे मी वजनांच्या बेरजेसह समजावून सांगितले आणि त्यावर चिरंजीवांनी उत्तर दिले, "पण काकू, क्लासच्या शीटच्या 'आन्सर की'मध्ये ३६च आहे."

मी ती शीट मागवून पाहिली. खरोखरच ३६ छापलेले होते! आणि तिडीक जावी अशी गोष्ट पुढेच आहे : वर्गात एका मुलीने शंका काढली, तेव्हा सरांनी तिला "आन्सर की बरोबर आहे, पुढे चला" असे सांगून खाली बसवले. लाखाच्या घरात फी घेणारे क्लास, ज्यांच्यासाठी मुलांना 'इंटिग्रेटेड'च्या नावाखाली कॉलेजचे तोंडही धड पाहू दिले जात नाही, ते एका पानाची बेरीज तपासत नाहीत. कारण विचारावे तर सीईटी या प्रवेश परीक्षेचे तुणतुणे तयारच असते. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद मिळतात, तेव्हा समजून घेत बसायला वेळ आहे कोणाला? अहो, समजले असेल तर २८ पेक्षा मोठा प्रत्येक पर्याय पाच सेकंदांत खोडता येतो! वेळ खाते ती घोकलेली सूत्रे आठवण्याची धडपड.

दुसरा छळ २२.४ या आकड्याचा आहे. शून्य अंश सेल्सिअस तापमानाला आणि १ ॲटमॉस्फिअर दाबाला एक मोल आदर्श वायूचे आकारमान २२.४ लिटर असते, या वाक्यातले तापमान, दाब आणि मुख्य म्हणजे 'वायू' हा शब्द गळून पडतो आणि उरतो तो आकडा, जो मग दिसेल त्याला गुणला जातो. १८ ग्रॅम पाण्याचे आकारमान २२.४ लिटर, हे उत्तर मला इतक्या मुलांनी इतक्या शांतपणे दिले आहे की आता नवलही वाटत नाही. १८ ग्रॅम पाणी म्हणजे १८ मिलिलिटर, एक घोट. २२.४ लिटर म्हणजे आंघोळीची मोठी बादली काठोकाठ भरून वर सांडेल इतके. ज्या शहरात उन्हाळ्यात पाणीकपातीची बातमी आली की घरोघरी पिंपे भरून ठेवतात, तिथल्या मुलाला एक घोट आणि एक बादली यांतला फरक कळू नये? त्यात भर म्हणजे आययूपीएसी या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८२ मध्ये प्रमाण दाब १ ॲटमॉस्फिअरऐवजी त्याहून किंचित कमी असा १ बार केल्यापासून हे आकारमान २२.७ लिटर होते, म्हणून काही पुस्तके एक आकडा घेतात, काही दुसरा, आणि कोणता दाब धरला आहे हे सांगण्याची तसदी गाइडवाले घेत नाहीत.

समीकरण संतुलित करताना ऑक्सिजन जुळत नाही म्हणून पाण्याच्या सूत्रातच खाली २ लिहून त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड करून टाकणाऱ्यांविषयी मी बोलणारही नाही. मोबाइलच्या ॲपने दिलेली सुबक उत्तरे वहीत उतरवून, "ही तिसरी पायरी कुठून आली?" या प्रश्नावर छताकडे पाहणाऱ्यांविषयीही नाही.

पालकांविषयी मात्र बोलेनच. लिफ्टमध्ये गाठ पडते आणि, "ताई, तेवढे सोडवून द्या ना, त्याला उद्या शीट जमा करायची आहे," असे सांगितले जाते. तुमच्या मुलाची शीट मी का सोडवायची? मी दोन तास बसून समजावायला तयार आहे, एक पैसाही घेत नाही, तरी त्या दोन तासांसाठी यांच्याकडे वेळ नसतो, कारण त्याच वेळी क्लासची टेस्ट सिरीज असते आणि तिच्यातही बहुधा असाच एखादा ३६ छापलेला असतो.

तेव्हा यापुढे माझ्याकडे फोटो पाठवू नयेत, ते उघडले जाणार नाहीत. वही घेऊन यावे, तिच्यात चुकीचे का होईना पण स्वतः केलेले काहीतरी असावे आणि प्रत्येक आकड्यापुढे त्याचे एकक लिहिलेले असावे. काकू फार शिष्ट झाल्या आहेत अशी चर्चा सोसायटीच्या ग्रुपवर रंगणार असेल, तर ती खुशाल रंगू द्यावी.