आकस्मिक मृत्यूची नोंद

आर्कादी रेंको या रशियन तपास अधिकाऱ्याच्या कादंबरीमालिकेतली अकराही पुस्तकं परवा रात्री ओळीने वाचून संपली. काहींचं हे दुसरं, काहींचं तिसरं वाचन. शेवटचं 'हॉटेल युक्रेन' जुलै २०२५ मध्ये आलं आणि त्याच आठवड्यात, ११ जुलैला, लेखक मार्टिन क्रूझ स्मिथ गेले. बारावं आता येणार नाही. दोन दिवस डोक्यात तेच घोळतंय, म्हणून लिहायला बसले. पोस्ट लांबणार आहे.

या मालिकेला सगळे 'थ्रिलर' म्हणतात. प्रेतं आहेत, पाठलाग आहेत, माफिया आहेत, सगळं आहे. पण खून कुणी केला हे रेंकोला बहुतेक वेळा अर्ध्या पुस्तकात कळलेलं असतं, आपल्यालाही. खरा ताण वेगळाच असतो: हा खून आहे असं कागदावर लिहू देणार का? आपल्याकडे पेपरात एक ठरलेलं वाक्य येतं, 'पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली आहे.' त्या वाक्यावर बातमी संपते. रेंकोची जवळजवळ प्रत्येक कथा त्या वाक्यापासून सुरू होते.

तो पोलिस नाही, हे आधी सांगायला हवं. तो प्रॉसिक्यूटरच्या, म्हणजे सरकारी वकिलाच्या, कचेरीतला तपास अधिकारी आहे. रशियात हे काम पोलिसांपासून वेगळं असतं. पोलिस माग काढतात, माणसं पकडतात. पण गुन्हा घडला की नाही, गुन्ह्याची फाइल उघडायची की नाही, ते हा अधिकारी ठरवतो. (२०११ पासून हे काम थेट राष्ट्राध्यक्षांच्या हाताखालच्या स्वतंत्र तपास समितीकडे आहे.) त्यामुळे त्याच्या सहीला किंमत आहे, आणि म्हणूनच त्याच्यावर दबाव आहे. साहेब येऊन सांगतात, आत्महत्या आहे, मिटवून टाका. आणि हा सही करत नाही. एवढंच. अकरा पुस्तकांत त्याने केलेली सगळ्यात मोठी कर्तबगारी ही, आणि मला ती कुठल्याही गोळीबारापेक्षा मोठी वाटते.

माझं रशियाशी नातं लहानपणापासूनचं. आमच्याकडे 'सोव्हिएत देश' हे तिकडचं नियतकालिक यायचं. गुळगुळीत, जाड कागद. जूनमध्ये वह्यापुस्तकांना कव्हरं घालायला त्याच्याइतका चांगला कागद दुसरा नव्हता. माझ्या भूगोलाच्या पुस्तकावर वर्षभर ट्रॅक्टरवर बसलेली, डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई हसत होती. लोकवाङ्मयच्या प्रदर्शनातून बाबांनी आणलेली चित्रांची पुस्तकंही होती, काही रुपयांत मिळणारी. मग १९९१ साल आलं, सोव्हिएत संघ फुटला, अंक यायचे बंद झाले, आणि त्या बाईचं पुढे काय झालं हे कुणी सांगितलंच नाही. बाबा त्या विषयावर फार बोलायचे नाहीत. मला ते उत्तर किती तरी वर्षांनी या मालिकेत मिळालं.

पहिली दोन पुस्तकं सोव्हिएत काळातली. 'गॉर्की पार्क' १९८१ चं, त्यावर सिनेमाही आला. बर्फात तीन प्रेतं, चेहरे आणि बोटांची टोकं कापून टाकलेली. ते गाजलं म्हणून लोक तिथेच थांबतात. माझ्या मते खरी मालिका तिसऱ्यापासून, १९९२ च्या 'रेड स्क्वेअर'पासून सुरू होते. गोर्बाचेव्हविरुद्धचा ऑगस्ट १९९१ चा फसलेला उठाव त्यात आहे. पुढच्या जानेवारीत, म्हणजे १९९२ च्या, किमतींवरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि एका वर्षात भाव पंचवीसपटींहून जास्त वाढले. आयुष्यभराची बचत वर्षात उडाली. बायका मेट्रोच्या दाराशी ओळीने उभ्या राहून घरातल्या कपबश्या, बूट, पुस्तकं विकायच्या. त्या ओळीत माझी ट्रॅक्टरवाली असणार असं मला नेहमी वाटतं. प्रत्येक नागरिकाला दहा हजार रूबलचं व्हाउचर मिळालं, देशाच्या कारखान्यांतला तुझा वाटा म्हणून. कित्येकांनी ते किरकोळ भावाने विकून टाकलं, आणि काही थोड्या लोकांच्या हाती तेलविहिरी आणि निकेलच्या खाणी गेल्या. स्मिथ यावर भाषण ठोकत नाहीत. कुणाच्या हातात कुठलं घड्याळ आहे आणि कुणाच्या बुटात पाणी शिरतंय एवढंच दाखवतात.

सगळ्यात जास्त मला 'वुल्व्ज ईट डॉग्ज'बद्दल बोलायचंय. २००४ चं पुस्तक. पाशा इव्हानोव्ह नावाचा नवा अब्जाधीश मॉस्कोतल्या आपल्या आलिशान घराच्या खिडकीतून खाली पडून मरतो. दार आतून बंद, कॅमेरे, पहारेकरी, सगळं चोख. साहेब म्हणतात आत्महत्या. रेंकोला दोन गोष्टी खटकतात. प्रेताबरोबर एक मीठदाणी आहे. आणि वर, त्या घरातल्या कपड्यांच्या कपाटात, मीठ आहे. चिमूटभर नाही, ढीग. महागड्या सुटांच्या खाली जमिनीवर पांढरा ढीग.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीकडे बघितलं होतं. मिठासारखी निरुपद्रवी वस्तू घरात दुसरी नाही. त्या मिठात सीझियम हा किरणोत्सारी पदार्थ मिसळलेला आहे, आणि सीझियमचा माग काढत कथा चेर्नोबिलला जाते. साहेबांनाही रेंको मॉस्कोतून गेलेला हवाच असतो. आता चेर्नोबिल युक्रेनमध्ये. १९९१ पर्यंत जो आपलाच प्रदेश होता तिथे हा परका अधिकारी, हाताशी अधिकार नाही, फक्त किरणोत्सार मोजायचं यंत्र. २६ एप्रिल १९८६ ला अणुभट्टी फुटली, दुसऱ्या दिवशी प्रिप्यातची जवळपास पन्नास हजार माणसं बसमध्ये बसवून हलवली. तीन दिवसांत परत याल असं सांगून. त्या तीस किलोमीटरच्या निषिद्ध पट्ट्यात काही म्हातारी माणसं गुपचूप परत येऊन राहिली. सरकारी हिशेबात ती तिथे नाहीतच. ती आपल्या परसात बटाटे लावतात, डुक्कर पाळतात, पाहुण्याला घरचं वाढतात. आणि पाहुण्याच्या खिशातलं यंत्र टिकटिक करत असतं. ताटात वाढलेलं नाकारायचं कसं? आपल्याकडच्या कुणालाही त्या माणसाच्या घशातला आवंढा समजेल.

पुस्तक आलं २००४ मध्ये. नोव्हेंबर २००६ मध्ये लंडनमध्ये अलेक्सांद्र लित्विनेन्को हा रशियातून पळून आलेला माजी गुप्तचर अधिकारी चहातून पोटात गेलेल्या पोलोनियमने मेला. किरणोत्सारी पदार्थाने माणूस मारणं ही लेखकाची कल्पना म्हणून वाचली होती, दोन वर्षांत ती पेपरात आली. याला मी भविष्यकथन म्हणणार नाही. लेखकाने त्या व्यवस्थेकडे इतकं बारकाईने बघितलं होतं की ती काय करू शकते हे त्याला ठाऊक होतं.

'तातियाना' (२०१३) हे दुसरं. एका बलाढ्य गुंडाची थाटात अंत्ययात्रा निघते, आणि त्याच आठवड्यात एक पत्रकार बाई गॅलरीतून पडून मेलेली असते. तिच्यासाठी मूठभर माणसं जमतात, तीही मार खातात. नोंद अर्थातच आत्महत्येची. ही बाई कुणावरून घेतली हे लपलेलं नाही. आन्ना पोलित्कोव्स्काया, 'नोवाया गझेता'ची वार्ताहर, जिने चेचन्यातलं युद्ध लिहून काढलं. ७ ऑक्टोबर २००६ ला तिच्या राहत्या इमारतीच्या लिफ्टमध्ये तिला गोळ्या घातल्या. २०१४ मध्ये पाच जणांना शिक्षा झाली. हुकूम कुणाचा होता हे आजही कोर्टात सिद्ध झालेलं नाही. त्या पाचांतला एक माजी पोलिस युक्रेनच्या लढाईवर गेला आणि त्याबदल्यात २०२३ मध्ये त्याला माफी मिळाली. ती बातमी वाचली त्या दिवशी मी रागाने काही वेळ बोलूच शकले नव्हते. कादंबरीत रेंको निदान फाइल उघडी ठेवतो.

आणि हे सगळं लांबचं आहे असं कुणाला वाटत असेल तर डिसेंबर २०२२ आठवा. ओडिशातलं रायगडा. पावेल आंतोव्ह हा रशियातला मांस व्यवसायातला धनाढ्य आणि तिथल्या प्रांतिक विधिमंडळाचा सदस्य रायगडातल्या एका हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावरून पडून मेला. दोनच दिवस आधी त्याच हॉटेलात त्याचा सहप्रवासी मेला होता. आंतोव्हच्या नावाने त्या जूनमध्ये कीव्हवरच्या हल्ल्याबद्दल टीकेचा एक संदेश फिरला होता, आणि त्याने तो लगेच मागे घेतला होता. रायगडा पोलिसांनी अनैसर्गिक मृत्यूची नोंद केली, पुढे राज्याच्या सीआयडीकडे तपास गेला. तो खून होता असं मी म्हणत नाही, माझ्याकडे तसं म्हणायला काही नाही. पण दोन्ही मृतदेहांचं दहन होऊन गेलं होतं, हे वाचून मला रेंको आठवला.

काही मित्र म्हणतात, अमेरिकन माणसाने लिहिलेला रशिया, त्यावर किती विश्वास ठेवायचा. प्रश्न रास्त आहे. १९७३ मध्ये थोडे दिवस मॉस्कोत राहून आलेल्या माणसाने 'गॉर्की पार्क' लिहिलं. पण नव्वदच्या दशकातल्या रशियाबद्दल आतून लिहिणारी बाईही आहे: अलेक्सांद्रा मारिनिना. टोपणनाव आहे; ती स्वतः पोलिस खात्यात लेफ्टनंट कर्नल होती, १९९८ मध्ये बाहेर पडली. तिची नास्त्या कामेन्स्काया मॉस्को पोलिसांच्या मुख्यालयात विश्लेषक आहे, आणि नव्वदच्या दशकात अख्खा रशिया तिला वाचत होता. मला रशियन येत नाही, ही माझी खरी हळहळ आहे.

मालिकेत कच्चे दुवे आहेतच. 'द सायबेरियन डिलेमा' विरळ आहे, अस्वलं लक्षात राहतात आणि कथा विसरायला होते. 'स्टालिन्स घोस्ट'मध्ये मात्र रात्रीच्या शेवटच्या मेट्रोतल्या प्रवाशांना चिस्तिये प्रुदी स्टेशनावर स्टालिन दिसतो, आणि काही जणांना त्याचा आनंद होतो, ते पान मी अजून विसरले नाही. कथा पुढे त्वेरला जाते. त्याच त्वेरमध्ये, १९४० मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी मारलेल्या हजारो पोलिश कैद्यांच्या स्मृतिफलकाच्या पाट्या मे २०२० मध्ये भिंतीवरून काढून टाकल्या. पुस्तक २००७ चं आहे.

आणि एक. स्मिथना पार्किन्सन्स होता. बरीच वर्षं त्यांनी तो वाचकांपासून लपवला आणि २०१३ मध्ये जाहीर केला. 'इंडिपेंडन्स स्क्वेअर'मध्ये त्यांनी तोच आजार रेंकोला दिला. शेवटच्या दोन पुस्तकांत रेंकोचा हात थरथरतो, तोल जातो, साहेबांना त्याला घरी बसवायला आयतं कारण मिळतं. तरीही तो कागद मागवतो, साक्षी घेतो, सही करायची तिथे करत नाही.

सुरुवात करायची असेल तर 'वुल्व्ज ईट डॉग्ज'पासून करा, क्रमाची काळजी नको. माझी प्रत पुण्यात कुणाला हवी असेल तर सांगा, दोन महिन्यांसाठी देते. आणि रशियन शिकलेल्यांपैकी कुणी मारिनिना मुळातून वाचली असेल तर कृपा करून खाली लिहा. तिच्या कामेन्स्कायावर कुणी सहीसाठी दबाव आणतं का, आणि ती काय करते, हे मला कळून घ्यायचंय.