मार्जिन बरोबर, मार्क गायब
एकदाचं ठरवा ना काय हवंय ते! पहिल्या वर्षाचा रायटिंगचा कोर्स, सिलॅबसमध्ये १२ चा फॉन्ट, डबल स्पेसिंग, चारी बाजूंनी १ इंच मार्जिन सगळं अगदी बजावून लिहिलंय, पण चांगला थीसिस (निबंधाचा मुख्य दावा हो) म्हणजे काय ते कुठ्ठे नाही. निबंधात 'मी' आला की लाल रेघ, आणि खाली शेरा काय, तर तुमचा स्वतःचा आवाज दिसत नाही. अहो कुठून दिसणार, तुम्हीच खोडलात ना! (एपीए या लेखन-संदर्भशैलीच्या पुस्तकाच्या २०१९ च्या सातव्या आवृत्तीत 'मी' बिनधास्त चालतो, पण सांगणार कोण.) संदर्भसूचीतल्या स्वल्पविरामाचे मार्क कापले, मुद्दा वाचला की नाही देव जाणे. वर म्हणे रिवाइज करून आणा, अरे पण नक्की काय रिवाइज करू??