‘ऑब्झर्व्ह’ म्हणजे नुसते पाहणे नव्हे

माझ्या मावशीने मधुमेहाची दर तीन महिन्यांनी होणारी तपासणी यावेळी परस्पर रद्द केली. कारण विचारले तेव्हा तिने व्हॉट्सॲपवर आलेला एक संदेश पुढे केला. त्याचा आशय असा: इलेक्ट्रॉनकडे कोणी पाहिले की तो आपले वागणे बदलतो, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे; म्हणजेच वास्तव पाहणाऱ्याच्या मनातून घडते; शरीरही कणांचेच असल्यामुळे आजाराकडे आणि अहवालांकडे पाहणे थांबवले, तर आजार उरत नाही. हाच संदेश मी पूर्वी दोनदा न वाचता पुसून टाकला होता. तसे करायला नको होते.

सगळा घोळ ‘ऑब्झर्व्ह’ या एका इंग्रजी क्रियापदाचा आहे. त्याचे मूळ लॅटिन असून तेथे लक्ष ठेवणे, जपणे, पाळणे असे त्याचे अर्थ होते. आजही इंग्रजीत नियम किंवा मौन ‘ऑब्झर्व्ह’ करतात तेव्हा ते पाळलेले असते, आणि बोलताना एखादी गोष्ट ‘ऑब्झर्व्ह’ करणारा माणूस आपले मत नोंदवत असतो. साथरोगशास्त्रात तर निरीक्षणात्मक अभ्यास म्हणजे ज्यात संशोधक कोणताही हस्तक्षेप न करता केवळ माहिती गोळा करतो तो अभ्यास. संदेशातल्या अर्थाच्या नेमका उलट. पुंजभौतिकीत, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या क्वांटम भौतिकीत, या शब्दाचा अर्थ आणखी वेगळा आहे: कणाची दुसऱ्या कशाशी तरी अशी आंतरक्रिया होणे, की त्याच्या स्थितीची खूण त्या दुसऱ्या वस्तूवर उमटते. ती वस्तू उपकरण असेल, प्रकाश असेल किंवा हवेचा रेणू असेल. तिला डोळे किंवा मन असण्याची गरज नसते.

दोन फटींच्या प्रयोगात दोन बारीक फटींतून सोडलेले कण पडद्यावर लाटांसारखे गडद-फिकट पट्टे उमटवतात, आणि कण कोणत्या फटीतून गेला हे नोंदवले की ते पट्टे नाहीसे होतात, एवढे मात्र खरे आहे आणि ते मान्य करावेच लागते. पण ते कोणाच्या पाहण्याने होत नाही. व्हिएन्नातील संशोधकांनी २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत निर्णायक आहे. त्यांनी ७० कार्बन अणूंचे रेणू लेसरने तापवून व्यतिकरणमापीतून, म्हणजे असेच पट्टे उमटवणाऱ्या उपकरणातून, सोडले. तापलेले रेणू वाटेतच प्रकाशकण बाहेर टाकतात, आणि त्या प्रकाशकणांसोबत रेणूच्या जागेची माहितीही बाहेर जाते. तापमान वाढवत नेले तसे पट्टे पुसट होत गेले. बाहेर पडलेले ते प्रकाशकण कोणी पाहिले नव्हते, उपकरणाने टिपलेही नव्हते. खूण बाहेर गेली, एवढेच पुरेसे होते.

संदेशात २०२२च्या नोबेल पुरस्काराचाही दाखला आहे. तो गुंतलेल्या, म्हणजे दूर असूनही ज्यांच्या स्थिती एकमेकींशी जोडलेल्या राहतात अशा, प्रकाशकणांवरील प्रयोगांसाठी होता, मनाच्या सामर्थ्यासाठी नव्हे. आणि त्या मानकऱ्यांपैकी आंतोन झाइलिंगर हे वर सांगितलेल्या २००४च्या शोधनिबंधाचे सहलेखकही आहेत. युजीन विग्नर यांच्यासारख्या मोठ्या भौतिकशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये जाणिवेला मापनात स्थान दिले होते हे नाकारता येत नाही, परंतु पुढे त्यांनी स्वतःच ती भूमिका सोडली. नजर असताना माणसेही वेगळी वागतात, मग कण का नाही, असे कोणी म्हणेल, तर तो मुद्दा येथे गैरलागू आहे, कारण माणसाला नजरेची जाणीव असते, इलेक्ट्रॉनला नसते.

राहिला अहवाल न पाहण्याचा सल्ला, आणि मला खरा संताप त्याचाच आहे. मावशीने जी तपासणी टाळली, ती एचबीएवनसीची. रक्तातली साखर तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते, आणि पेशी सुमारे १२० दिवस जगत असल्यामुळे या तपासणीतून मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज येतो. त्या काळात त्या साखरेकडे कोणीही पाहिलेले नसते. ती वाढलेली असेल तर डोळ्यांच्या पडद्यावरचा, मूत्रपिंडांवरचा आणि पायांच्या नसांवरचा तिचा परिणामही कोणी पाहण्याची वाट न बघता होत राहतो, आणि बऱ्याचदा सुरुवातीला काही जाणवतही नाही. म्हणूनच मधुमेहात तपासण्या ठरल्या वेळी कराव्या लागतात. हे सारे मी मावशीला कागदावर पेशीचे चित्र काढून समजावले, आणि तिने रद्द केलेली वेळ पुन्हा मागून घेतली.